गुडघा बदलल्यानंतरचे पहिले दोन दिवस: दुखणं थांबावं, पण पाय जागा राहावा

घरात कोणाचा गुडघा बदलायचा ठरला की चर्चा दोनच गोष्टींभोवती फिरते: डॉक्टर कोण आणि सांधा कुठल्या कंपनीचा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली, तेव्हापासून किमतीबद्दलही लोक मोकळेपणाने विचारू लागले. भूल कशी देणार आणि ती उतरल्यावर पुढचे दोन-तीन दिवस दुखणं कशाने आवरणार, हे मात्र भूलतज्ज्ञ तपासायला समोर येऊन बसले तरी बहुतेक जण विचारत नाहीत. "दुखेल थोडं, देतील गोळ्या," एवढ्यावर विषय मिटतो. माझ्या मते हा प्रश्न कंपनीच्या प्रश्नाइतकाच मोलाचा आहे. नवा गुडघा पुढे किती वाकणार आणि त्यावर किती भरवशाने वजन टाकता येणार, याची सुरुवात त्या दोन-तीन दिवसांतच होते.

इतकं दुखतं कशामुळे

या ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, दोन्हींचे झिजलेले थर करवतीने कापून काढतात. त्यांवर धातूचे भाग बसवतात आणि मध्ये खास प्लॅस्टिकची चकती येते. तिथवर पोचायला गुडघ्याच्या समोरून छेद घ्यावा लागतो आणि सांध्याभोवतीचं जाड आवरण उघडावं लागतं. हाडावरच्या पातळ पडद्यात वेदना कळवणारे तंतू खच्चून भरलेले असतात, हाडाच्या आतही ते असतात. पुष्कळ ठिकाणी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून मांडीला पट्टा आवळतात, तोही नंतर ठणकतो.

खरी अडचण यापुढे आहे. दुसऱ्या एखाद्या मोठ्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवस पडून राहायची मुभा असते. इथे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओ येऊन वॉकर पुढे ठेवतात आणि उभं राहायला सांगतात. दिवसभरात अनेकदा गुडघा वाकवायचा असतो, मांडीचा पुढचा स्नायू आवळून पाय सरळ उचलायचा असतो. दुखतंय म्हणून माणूस पाय हलवेनासा झाला तर सांध्याभोवती चिवट ऊती साचून गुडघा आखडतो. पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, झोप होत नाही, बाकीच्या तक्रारी त्यामागून येतात. पहिल्या दिवसांत फार दुखलेल्यांमध्ये महिनोन् महिने रेंगाळणारं दुखणंही जास्त आढळतं. वेगवेगळ्या पाहण्यांचा ढोबळ मेळ घातला तर गुडघा बदललेल्या साधारण पाचांतल्या एकाला दीर्घकाळ काही ना काही दुखणं राहतं. त्यामागे इतरही कारणं असतात, पण सुरुवातीचं आवर न घातलेलं दुखणं हे त्यांतलं एक मानलं जातं.

म्हणून विश्रांतीत किती दुखतं यापेक्षा हालचाल करताना किती दुखतं हे जास्त महत्त्वाचं. सिस्टर शून्य ते दहा अशा अंकांत विचारतात तेव्हा दोन्ही सांगावेत: पडून असताना तीन, वाकवताना आठ. आपल्या आया-मावश्या इथे हमखास "होतंय सहन" असं उत्तर देतात. त्यांना आधीच समजावून ठेवायला हवं की हे सोसल्याचं कौतुक नको, आकडा हवा आहे, कारण त्यावरून पुढचं औषध ठरतं.

मॉर्फिनच्या जातीची औषधं पुरेशी का नाहीत

मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल ही औषधं मेंदू आणि मज्जारज्जूच्या पातळीवर दुखण्याची जाणीव कमी करतात. ती पूर्वीही लागत होती आणि आजही काही प्रमाणात लागतात. पण सगळा भार त्यांच्यावर टाकला तर सत्तरीच्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते: मळमळ, उलट्या, गुंगी, बद्धकोष्ठ, लघवी अडणं, अंगाला खाज, कधी कधी रात्री भ्रमिष्टासारखं बोलणं. डोस फार झाला तर श्वास मंदावतो. शिवाय गुंगीत आणि मळमळीत कोणी वॉकर धरून चालू शकत नाही. पडून राहिल्यावर ही औषधं बऱ्यापैकी काम करतात, पण गुडघा वाकवतानाच्या कळेपुढे ती बऱ्याचदा कमी पडतात.

त्यामुळे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भूलतज्ज्ञांचा भर दुखणं उगमाजवळच अडवण्यावर येत गेला. त्यासाठी लागणारी औषधं आपल्या परिचयाची आहेत. दात काढताना हिरडीत देतात ती लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झाली. गुडघ्यासाठी तिच्याच घराण्यातली, जास्त काळ टिकणारी बुपिवाकेन किंवा रोपिवाकेन वापरतात.

मज्जातंतूच्या आवरणात सोडियमचे कण आत सोडणारी सूक्ष्म छिद्रं असतात. ती उघडली की विजेसारखा संदेश पुढे सरकतो. ही औषधं ती छिद्रं काही तास अडवून ठेवतात. संदेश निघतो, पण वाटेतच थांबतो आणि मेंदूला तो कळत नाही. औषध विरलं की सगळं पूर्ववत होतं. दुखणं कळवणारे तंतू बारीक असतात आणि स्नायू हलवणारे जाड, त्यामुळे औषध पातळ करून दिलं तर दुखणं थांबतं आणि ताकद बरीचशी टिकते. रोपिवाकेनमध्ये हा फरक थोडा अधिक स्पष्ट दिसतो.

नेमकं कुठे अडवायचं

गुडघ्याला एकाच मज्जातंतूचा पुरवठा असता तर हा लेख इथेच संपला असता. गुडघ्याच्या पुढच्या आणि आतल्या बाजूची जाणीव मुख्यतः मांडीतून उतरणाऱ्या फेमोरल मज्जातंतूकडून येते. मागची बाजू सायटिकच्या शाखांकडे असते, आणि आतून ऑब्च्युरेटर नावाचा तिसरा मज्जातंतू थोडा हातभार लावतो. म्हणूनच एका इंजेक्शनने गुडघा पूर्ण शांत होत नाही. पुढून दुखणं थांबलेले रुग्ण "आता गुडघ्याच्या मागे, लवणीत ओढ लागते" अशी तक्रार करतात, तेव्हा ती खरीच असते.

बरीच वर्षं जांघेत फेमोरल मज्जातंतूपाशी औषध देऊन तो बधिर करण्याची, म्हणजे फेमोरल ब्लॉकची, पद्धत होती. दुखणं छान थांबायचं, पण पाय लुळा पडायचा. उभं राहताना गुडघा धरून ठेवणारा मांडीचा पुढचा मोठा स्नायू याच मज्जातंतूवर चालतो. तो झोपला की रुग्ण उभा राहिला तरी गुडघा अचानक दुमडतो आणि माणूस पडतो. नव्या गुडघ्यावर पडणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

शेतकऱ्याला यातला उपाय लगेच कळेल. पाटाला वरच्या तोंडाशीच बांध घातला तर खालच्या सगळ्या वाफ्यांचं पाणी तुटतं. ज्या वाफ्यात पाणी नको आहे त्याच्या दारापाशी माती टाकली तर बाकीचे भिजत राहतात. फेमोरल मज्जातंतू जांघेतून खाली उतरताना आधी मांडीच्या स्नायूंना बहुतेक शाखा देऊन टाकतो. उरतो तो प्रामुख्याने जाणिवेचा, सॅफिनस नावाचा धागा. तो मांडीच्या मध्यावर आतल्या बाजूला, एका पट्टीसारख्या स्नायूखालच्या बोगद्यातून मोठ्या रक्तवाहिनीसोबत गुडघ्याकडे जातो. हा बोगदा म्हणजे ॲडक्टर कॅनाल. औषध तिथे सोडलं की गुडघ्याची पुढची-आतली बाजू बधिर होते आणि मांडी बरीचशी जागी राहते.

हा फरक नुसता तर्काने ठरलेला नाही. डेन्मार्कमध्ये निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फेमोरल ब्लॉकने मांडीच्या स्नायूची ताकद जवळपास निम्म्याने, ४९ टक्क्यांनी घटली, तर ॲडक्टर कॅनाल ब्लॉकने सुमारे ८ टक्क्यांनी. पुढे रुग्णांवरच्या अभ्यासांतही दोन्ही पद्धतींनी दुखणं जवळपास सारखंच कमी झालं, आणि ॲडक्टर कॅनालवाले लवकर व नीट चालू लागले. म्हणून आता अनेक रुग्णालयांत भूलतज्ज्ञ मांडीवर सोनोग्राफीचं यंत्र ठेवतात, पडद्यावर रक्तवाहिनी आणि सुईचं टोक दोन्ही बघतात आणि साधारण १५ ते २० मिली औषध त्या बोगद्यात सोडतात. काही मिनिटांचं काम असतं. ऑपरेशनच्या आधी दिलं तर सुई टोचल्याचं थोडं जाणवतं. कमरेतल्या भुलीनंतर दिलं तर तेही नाही.

मागच्या बाजूचं काय? तिथे सायटिक मज्जातंतू बधिर करता येतो, पण मग पाऊल वर उचलता येत नाही आणि चालणं पुन्हा अडतं. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. पाय बाहेरच्या बाजूला फार वाकलेला असेल तर तो सरळ करताना पाऊल उचलणाऱ्या मज्जातंतूला ताण बसू शकतो. पाऊल ब्लॉकमुळेच लुळं असेल तर सर्जनला ही इजा वेळेवर कळत नाही. यावर मार्ग म्हणून आयपॅक नावाची पद्धत आली: गुडघ्याच्या लवणीतली मोठी रक्तवाहिनी आणि सांध्याचं मागचं आवरण यांच्यामधल्या फटीत औषध सोडायचं. तिथे मुख्य मज्जातंतू न झोपवता सांध्याकडे जाणारे बारीक तंतूच तेवढे गाठले जातात. औषध जास्त पसरलं तर पाऊल काही तास जड होऊ शकतं, पण बहुतेकांची पावलं हलती राहतात.

सर्जनच्या हातातली सिरिंज

दुखणं अडवायची आणखी एक पद्धत थेट ऑपरेशन टेबलावरची आहे. सिडनीतले डेनिस केर आणि लॉरेन्स कोहान यांनी २००८ मध्ये खुबा आणि गुडघ्याच्या ३२५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. रोपिवाकेन, सूज उतरवणारं किटोरोलॅक आणि रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रेनालिन यांचं भरपूर पातळ मिश्रण त्यांनी ऑपरेशन चालू असतानाच, उघड्या सांध्याच्या चारी बाजूंच्या ऊतींत पद्धतशीर भरलं: मागचं आवरण, बाजूचे बंध, शेवटी कातडीखाली. ॲड्रेनालिनमुळे औषध रक्तात हळू शोषलं जातं आणि जागेवर जास्त वेळ टिकतं. त्यांचे बरेच रुग्ण एकाच रात्रीनंतर घरी गेले.

ही पद्धत जगभर पसरली, आणि त्याचं कारण मला पटतं: महागडं यंत्र लागत नाही, कुठलाही स्नायू झोपत नाही, आणि मागची बाजूही हाताशी असते. तालुक्याच्या गावातल्या छोट्या रुग्णालयात, सोनोग्राफीने ब्लॉक देणारे भूलतज्ज्ञ रोज मिळत नसतील तिथेही ती करता येते. मात्र ती सर्जनच्या हातावर फार अवलंबून असते. दहा-बारा ठिकाणी धीराने थोडं थोडं देणं आणि शेवटी घाईघाईत दोन-तीन ठिकाणी सिरिंज रिकामी करणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

युरोपातल्या तज्ज्ञांच्या प्रॉस्पेक्ट या गटाने गुडघा बदलण्यासाठी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत या पद्धतींपैकी एकीला निवडून दुसरीला बाद केलेलं नाही. ॲडक्टर कॅनालमध्ये एकदाच दिलेलं इंजेक्शन, सर्जनने सांध्याभोवती भरलेलं औषध, ठरल्या वेळी पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या, शिवाय शिरेतून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा एक डोस, असा संच त्यांनी सुचवला आहे. मॉर्फिनच्या जातीची औषधं एवढ्यानेही भागलं नाही तरच द्यायची. मूत्रपिंड कमजोर असेल, पोटात अल्सर होऊन गेला असेल किंवा हृदयाचा आजार असेल तर सूज उतरवणाऱ्या गोळ्या वगळाव्या लागतात. डेक्सामेथासोनने मधुमेहींची साखर एक-दोन दिवस वर जाऊ शकते, तेव्हा ती मोजत राहावी लागते.

बधिरपणा उतरतो तो क्षण

आता येतो तो भाग, जिथे चांगलं चाललेलं बिघडतं. कमरेतली भूल दोन-चार तासांत उतरते. ॲडक्टर कॅनालचा ब्लॉक साधारण १२ ते २४ तास साथ देतो. सकाळी ऑपरेशन झालेल्या बाई संध्याकाळी उठून बसतात, चहा घेतात, भेटायला आलेल्यांशी हसून बोलतात. "काहीच दुखत नाही" म्हणून रात्रीची गोळी बाजूला ठेवतात. पहाटे ब्लॉक ओसरतो आणि दुखणं एकदम उसळतं. त्या वेळी घेतलेल्या गोळीचा पुरेसा गुण यायला तास-दीड तास जातो, आणि तो वेळ फार वाईट असतो. सगळं फसलं असं रुग्णाला वाटतं, घरचे घाबरतात, वॉर्डात धावपळ होते.

हे बऱ्याच अंशी टाळता येतं. दुखत असो वा नसो, ठरलेल्या वेळची गोळी ठरलेल्या वेळी घ्यायची, आणि ब्लॉक उतरायच्या अंदाजे वेळेआधी तर नक्कीच. झोपमोड होईल म्हणून रात्रीची गोळी चुकवू नये, सोबतीला राहणाऱ्याने उठवून द्यावी. एक धोका ध्यानात ठेवावा: ट्रॅमाडॉलच्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, तापाच्या आणि सर्दीच्या गोळ्यांतही असतं. वेगळी गोळी म्हणून पुन्हा पॅरासिटामॉल घेतलं तर दिवसाची मर्यादा ओलांडून यकृताला इजा होऊ शकते. सगळी पाकिटं एकदा डॉक्टरांसमोर ठेवून वेळापत्रक लिहून घेतलेलं बरं.

ब्लॉकची मुदत वाढवायला त्याच जागी केसासारखी बारीक नळी ठेवून छोट्या पंपाने दोन-तीन दिवस औषध सोडता येतं. ज्यांना आधीपासून मॉर्फिनच्या जातीच्या औषधांची सवय आहे, किंवा ज्यांचा पहिल्या गुडघ्याचा अनुभव फार वाईट होता, त्यांना याचा खरा उपयोग होतो. पण नळी सरकते, गळते, कधी संसर्ग होतो आणि तिच्याकडे लक्ष द्यायला माणूस लागतो.

बुपिवाकेन चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून हळूहळू सुटेल असं महागडं औषध अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं. त्याच्याबद्दल आशा मोठी होती. ब्रिटनमध्ये गुडघा बदललेल्या ५३३ रुग्णांवर त्याची पारख झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात साध्या बुपिवाकेनला या औषधाची जोड दिल्याने दुखणं किंवा पूर्ववत होणं, दोन्हींत फरक दिसला नाही. कोणी हे "तीन दिवस दुखणार नाही" असं सांगून सुचवलं तर हा निकाल आठवावा.

धोके

सगळ्यात मोठा धोका डोस जास्त होण्याचा किंवा औषध चुकून रक्तवाहिनीत जाण्याचा. तसं झालं तर ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडात धातूसारखी चव येते, कानांत गुणगुण होते, बोलणं अडखळतं, पुढे झटके येऊ शकतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे क्वचित घडतं, पण यांपैकी काहीही जाणवलं तर संकोच न करता तत्काळ सांगावं. यावर उताराही आहे: शिरेतून दिलं जाणारं चरबीचं पांढरं द्रावण. अमेरिकेतले गाय वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये त्याचा गुण उंदरांमध्ये दाखवला आणि २००६ पासून माणसांचे प्राण त्याने वाचल्याच्या नोंदी आहेत. ब्लॉक दिले जातात त्या ठिकाणी ते हाताशी असलंच पाहिजे.

आपल्याकडे दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलून घेण्याकडे अनेकांचा कल असतो: एकदाच दाखल व्हायचं, एकदाच सुट्टी काढायची. तिथे हिशेब जास्त काटेकोर लागतो. बुपिवाकेनची ढोबळ मर्यादा दर किलो वजनामागे २ मि.ग्रॅ. धरली तर ६० किलोच्या बाईंना एकूण १२० मि.ग्रॅ. चालतं. पाव टक्क्याच्या द्रावणात दर मिलीत २.५ मि.ग्रॅ. असतं, म्हणजे सगळे मिळून ४८ मिली. भूलतज्ज्ञांनी दोन्ही मांड्यांत दिलेलं आणि सर्जनने दोन्ही गुडघ्यांत भरलेलं, सगळं यात बसवायचं असतं. दोघांनी आधी बोलून वाटणी ठरवली नसेल तर प्रत्येकाचा डोस वेगवेगळा बघता बरोबर आणि बेरीज चुकलेली, असं होऊ शकतं.

मज्जातंतूला इजा होणं दुर्मीळ आहे. वर्षानुवर्षं मधुमेह असून तळव्यांना आधीच मुंग्या येत असतील तर ते भूलतज्ज्ञांना जरूर सांगावं, कारण अशा पायात ब्लॉक लांबतो आणि इजेची शक्यता थोडी वाढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधाची ॲलर्जी, मांडीवर किंवा जांघेत पुरळ-गळू असेल तर तेही. बधिर पायाची टाच तासन् तास एकाच जागी टेकली तर कातडी दबून जखम होते, म्हणून टाच अधूनमधून हलवून द्यावी. आणि मांडी बरीचशी जागी राहते म्हणजे पूर्ण राहते असं नव्हे. पहिल्यांदा उठताना, मग ते मध्यरात्री बाथरूमला जाणं का असेना, कोणीतरी धरायला हवंच.

भूलतज्ज्ञांना भेटाल तेव्हा विचारा: मला कुठला ब्लॉक देणार, किती तास टिकेल, सर्जनही सांध्यात औषध भरणार आहेत का, आणि ब्लॉक उतरेल तेव्हा कुठली गोळी किती वाजता. उत्तर रुग्णासोबत राहणाऱ्यानेही ऐकावं आणि लिहून ठेवावं, कारण पहाटे ते त्यालाच लागणार आहे.

घरी गेल्यावर व्यायामानंतर ठणका आणि रात्रीचं दुखणं काही आठवडे राहतं, ते हळूहळू उतरतं. बर्फाचा शेक आणि व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतलेली गोळी त्यात मदत करतात. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, छातीत दुखलं किंवा दम लागला, ब्लॉकची वेळ उलटून गेल्यावरही पाऊल वर उचलता येईना, तर मात्र वाट बघायची नाही, लगेच रुग्णालय गाठायचं. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर राहिला तर तो भुलीचा परिणाम समजून घाबरू नये. समोरचा छेद घेताना कातडीकडे जाणारी सॅफिनसची छोटी शाखा बहुतेकदा कापली जाते, त्यामुळे तसं होतं. हा भाग काळाने लहान होत जातो, काहींच्या बाबतीत थोडा कायमचा राहतो. त्याने चालण्यात काही उणं येत नाही, गुडघा टेकताना तेवढं वेगळं वाटतं.